घरचा संगणक जोडा आणि परक्याला विका

स्वतःच्या हाताने प्रोसेसर, मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड), रॅम, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस आणि कॅबिनेट एकत्र करून संगणक उभा करणाऱ्या माणसाला विंडोजचा सवलतीतला परवाना नियमाने विकत घेता येऊ नये, याची चोख तजवीज मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या वेळी कशी करून ठेवली होती, हे त्या परवान्याची कलमे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही आणि वाचल्यावर डोके ठिकाणावर राहत नाही.

विंडोजचा परवाना बाजारात दोन रूपांत मिळतो. एक रिटेल, म्हणजे पूर्ण किमतीचा. दुसरा ओईएम, म्हणजे संगणक जोडून विकणाऱ्यांसाठी असलेला, बऱ्याच कमी किमतीचा. आतली प्रणाली तीच, पडद्यावर दिसणारे चित्र तेच आणि टाइप करायची २५ अक्षरांची ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, तोही तसाच. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा अमेरिकेत होम प्रीमियमच्या पूर्ण रिटेल खोक्याची किंमत १९९.९९ डॉलर होती आणि ओईएम पाकीट त्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते. घरी संगणक जोडणारा कोणीही शहाणा माणूस साहजिकच ते पाकीट उचलत असे. दुकानदारही एक शब्द न विचारता ते विकत असत.

आणि मग विंडोज ७ मधली ती अट! या पाकिटातली विंडोज ‘सिस्टिम बिल्डर’ने, म्हणजे संगणक जोडणाऱ्याने, संगणकात घालून तो संगणक आपल्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी विकला पाहिजे. म्हणजे मी संगणक जोडला तरी मी ‘बिल्डर’ नव्हे, कारण मी तो स्वतःच वापरणार आहे. भावाला दिला तरी चालणार नाही, कारण भाऊ नात्यातला. शेजाऱ्याला विकला तर मात्र सगळे कायदेशीर. एकाच इमारतीतल्या दोघांनी एकमेकांसाठी संगणक जोडून एकमेकांना विकले असते, तर या अटीचे अक्षरशः पालन झाले असते. असला पोरखेळ ज्या नियमाने साधतो, तो नियम लिहिणाऱ्याने तो एकदा तरी स्वतः वाचला होता का, असा प्रश्न पडतो. कहर म्हणजे स्वतःचा संगणक जोडणारा ग्राहकही बिल्डरच मानला जाईल, असे याच कंपनीने एके काळी स्वतःच सांगितले होते. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि तिच्या ओईएम परवान्यात स्वतःच्या वापरासाठी संगणक जोडण्याची मुभा चक्क लेखी देण्यात आली. तीन वर्षे जे नियमभंग होते ते एका रात्रीत हक्क झाले. मग आधीच्या बंदीला तांत्रिक कारण कोणते होते? कोणतेही नव्हते.

समजा, ही भानगड सोडून दिली, तरी पुढे मदरबोर्ड उभा आहेच. ओईएम परवाना ज्या संगणकावर पहिल्यांदा बसतो त्याच्याशी जन्माचा बांधला जातो आणि संगणक म्हणजे काय, तर मदरबोर्ड. रॅम बदला, हार्ड डिस्क बदला, ग्राफिक्स कार्ड बदला, कोणाची हरकत नाही. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला, तरीही परवाना टिकतो. परंतु चांगला चालणारा मदरबोर्ड काढून तुम्ही अधिक चांगला बसवला, तर तो ‘नवा संगणक’ ठरतो आणि पैसे मोजून घेतलेला परवाना जुन्या बोर्डाबरोबर सती जातो. म्हणजे विजेच्या कमीजास्त दाबाने बोर्ड जळाला, तर देवाचे आभार मानायचे! रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, हाच काय तो जास्तीच्या पैशांचा मोबदला. ओईएम घेणाऱ्याला मदत करण्याची जबाबदारीही कंपनीची नसून बिल्डरची असते, म्हणजे अडचण आली की घरी संगणक जोडणाऱ्याने स्वतःलाच फोन लावायचा.

हा मदरबोर्डाचा नियम आता किती क्रूर झाला आहे, ते पाहा. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, म्हणजे बोर्ड बदलणे आलेच. चालता बोर्ड टाकून द्यायला लावणारी अट मायक्रोसॉफ्टची आणि तो बदल ‘स्वखुशीने केलेली सुधारणा’ ठरवून परवाना रद्द करणारी अटही मायक्रोसॉफ्टचीच. याला व्यवहार म्हणत नाहीत, वेठबिगारी म्हणतात.

महाविद्यालये व संस्था घाऊक परवाने घेतात. त्यांतली डेस्कटॉप विंडोज केवळ अपग्रेड असते, म्हणजे त्याखाली आधीचा पूर्ण परवाना असावाच लागतो. कोऱ्या हार्ड डिस्कच्या घरगुती संगणकाला तीही वाट बंद.

मुंबईतल्या संगणकाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, यातले एक अक्षरही कोणाला माहीत असण्याची गरज पडत नाही. सुटे भाग घेऊन संगणक जोडून मागितला की ‘विंडोज टाकून देऊ ना?’ असे आपुलकीने विचारले जाते आणि बिलावर तिचा उल्लेखही नसतो. २०१५ मध्ये विंडोज १० होमची भारतातली किंमत ७,९९९ रुपये आणि प्रोची १४,९९९ रुपये होती. तीस हजारांत संगणक बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातले पाव पैसे एका कीसाठी बाजूला काढावेत, अशी ही अपेक्षा. त्यापेक्षा पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणारी, कुठून आली याचा ठावठिकाणा नसलेली की घातली, तर पडद्यावर ‘ॲक्टिव्हेटेड’ असे तितक्याच दिमाखात झळकते. चोराला अडवणारे एकही कलम या कागदात नाही. जी काही कलमे आहेत ती रीतसर पावती मागणाऱ्याच्याच पायात येतात.

जर्मनीत ओईएमचा हा प्रश्न केव्हाच न्यायालयात गेला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये निकाल दिला की, ज्या विक्रेत्याचा मायक्रोसॉफ्टशी करारच नाही, त्याला ओईएम प्रत नव्या संगणकाबरोबरच विकण्याची अट लागू करता येणार नाही. तिथला ग्राहक ती प्रत तेव्हापासून सुटी विकत घेऊ शकतो. लॅमिंग्टन रोडवरच्या ग्राहकाला त्या निकालाचा काडीचाही उपयोग नाही. परवाना बोर्डाऐवजी माणसाच्या खात्याला जोडा, त्याचे वाजवी पैसे घ्या आणि त्या माणसाला एका वेळी एकाच संगणकावर तो वापरू द्या, एवढी साधी गोष्ट मान्य करायला मायक्रोसॉफ्टचे हात कोणी बांधलेले नाहीत. ती मान्य करायची नसेल, तर निदान पाकिटावर, किमतीइतक्याच ठसठशीत अक्षरांत, छापा: पैसे तुमचे, परवाना मदरबोर्डाचा.