याला एसी म्हणू नका!

दर एप्रिलला तेच. मोबाईल उघडला की जाहिरात: 'मिनी एसी, दहा मिनिटांत खोली थंडगार!' आणि दरवर्षी आमच्या नात्यातलं कुणीतरी फसतंच. यंदा डोंबिवलीची मावशी. पेन्शनमधले अठराशे रुपये मोजले तिने. आलं काय? जेवणाच्या डब्याएवढा प्लास्टिकचा खोका, आत इवलासा पंखा, ओली जाळी आणि अर्धा लिटर पाण्याची टाकी.

अहो, हा कूलर आहे! एक टनाचा एसी दर सेकंदाला साधारण 3500 ज्यूल उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकतो. हे अर्धा लिटर पाणी तीन तासांत सगळं उडालं, तरी सेकंदाला शोषणार जेमतेम 110 ज्यूल. वर ती वाफ खोलीतच. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांच्या कोरड्या उन्हात कूलर अक्षरशः जीव वाचवतो, कारण तिथे पाणी झपाट्याने उडतं. तिथेही तो खिडकीत लावतात, बाहेरची कोरडी हवा ओढायला. डोंबिवलीच्या चिकचिकाटात पाणी धड उडतच नाही.

आणि मावशी? एसी म्हणून घेतलेला, तेव्हा दारं-खिडक्या घट्ट लावून त्याच्यासमोर बसलेली. संध्याकाळी गेलो तर चादर दमट, तिच्या मानेवर घामोळं, आणि विकणारा फोन उचलत नाही.

कूलर म्हणून विका ना, कोण अडवतंय? म्हाताऱ्या माणसाला उकाड्यात कोंडून घालणारं खोटं कशाला छापता? मी आधी खिडक्या उघडल्या.