सेगमेंटचे ६०० रुपये, रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ, आमच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन कानबाईच्या सणाच्या तोंडावर तुमची धावपळ झाली, शनिवारी संध्याकाळी अमळनेरहून परत जळगावला यावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. रविवारी कानबाई बसणार आणि आदल्या दिवशी कळस हातात नाही म्हटल्यावर घरात काय होतं ते आम्हाला पण माहितीये, आमच्याकडेही कानबाईचे रोट असतात.

पण "कळस गोल नव्हता, चार सेगमेंट वाढवायचे ६०० रुपये एक्स्ट्रा घेतले, माझा भाचा एका मिनिटात करतो, लुटतात" हे जे लिहिलंय ना, ते वाचून जेवण गेलं नाही.

फाईल तुमच्या भाच्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवलेली, एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटसाठीची मॉडेलची फाईल. कळस १० सेंटीमीटर व्यासाचा आणि बाजू, म्हणजे तेच सेगमेंट, फक्त १६, म्हणजे एकेक बाजू जवळपास २ सेंटीमीटरची सपाट पट्टी. सोबतच्या फोटोत गोल दिसत होता कारण त्याने कोपरे गुळगुळीत दाखवणारं शेड स्मूथ लावलेलं, पण ते फक्त स्क्रीनवर, प्रिंटरला शेडिंग कळत नाही भाऊ. मी तेव्हाच बोललो होतो की कोपरे दिसतील, तुम्ही म्हणाले चालेल, घाई आहे. प्रिंट हातात आल्यावर मग गोल पाहिजे.

आता ते एक मिनिट. भाचा खोटं बोलत नाहीये. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन सिलिंडर टाकला की खाली डाव्या कोपऱ्यात छोटी खिडकी येते, तिथे बाजूंचा आकडा ३२ चा ६४ करा, झालं. पण पुढचं काम सुरू केलं की ती खिडकी गेली. थ्रीडीएस मॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण मॉडेल एडिटेबल पॉली, म्हणजे नुसत्या सपाट तुकड्यांचं, करेपर्यंतच आकडा बदलता येतो. आणि एसटीएलमध्ये तर हा सिलिंडर होता एवढंही राहत नाही, नुसते त्रिकोण असतात, आणि ब्लेंडरमध्ये कंट्रोल आर दाबून नवी रेघ फिरवायचा लूप कट चौकोनी तुकड्यांवरूनच पुढे जातो, त्रिकोणापाशी थांबतो. बरं सबडिव्हाइड मारून प्रत्येक तुकड्याचे आणखी तुकडे केले असते तर सेगमेंट वाढले असते पण कळस १६ कोनीच राहिला असता, फळीवर पेन्सिलने रेघा मारल्या म्हणून फळी वाकत नाही. मग राहिला सबडिव्हिजन सर्फेस, तो तुकडे पाडून कोपरे गोल करतो पण मॉडेल आत ओढतो. तुमचा पाईप २५ एमएमचा, भोक साडेचोवीसच्या आत आलं असतं, कळस पाईपवर बसलाच नसता, मग रविवारी काय केलं असतं?

म्हणून तुमचं मॉडेल बाजूला ठेवून सगळा कळस नव्याने ६४ बाजूंचा बनवला. आधी सपाट पट्टीच्या मध्यावर खऱ्या गोलापासून जवळपास १ एमएमचा फरक होता, तो आता ०.०६ च्या आसपास आला, बोट फिरवून बघा कुठे लागतंय का. हे ६०० त्याचे, सेगमेंटचे नाहीत. दुसऱ्यांदा प्रिंट मारलं त्याच्या फिलामेंटचा, म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेचा, एक रुपया लावला नाही, मध्ये लाईट गेली म्हणून एक प्रिंट वाया गेलं ते पण माझ्याच अंगावर, हे मात्र रिव्ह्यूत कुठे दिसत नाही.

दुकान लहान आहे भाऊ, आता गणपतीच्या ऑर्डरी सुरू होतील आणि लोक आधी इथेच येऊन वाचतात. इथून पुढे फाईल आधी नीट बघून रेट वगैरे लिहून देत जाऊ, बोर्ड पण लावायचाय. तुमचा पहिला १६ कोनी कळस अजून दुकानात आहे, पाहिजे असेल तर कधीही घेऊन जा, पैसे नको. स्टार एक ठेवायचा तर ठेवा, तेवढा "लुटतात" शब्द काढला तर बरं होईल.