मोठा मासा सोडायचा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं की इंग्लंडच्या नद्यांमध्ये पाइक (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) 65 सेंटीमीटरपर्यंतचाच ठेवता येतो आणि त्याहून मोठा सोडावा लागतो, हा नियमच उलटा आहे. कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं, पिल्लं सोडायची, मोठा धरायचा. आणि सोडायचाच असेल तर गळाला लावून त्याचे हाल कशाला?

पिल्लं सोडायची, हे शंभर टक्के मान्य. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये समुद्रातल्या 54 जातींना किमान लांबी ठरवून दिली, तीही याचसाठी: माशाने एकदा तरी अंडी घालावीत. पण पाइकचं गणित तेवढ्यावर संपत नाही. त्याची मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. नर चार-पाच किलोच्या पुढे क्वचितच जातो. म्हणजे गळाला धिप्पाड पाइक लागला की ती बहुधा मादीच, आणि तिच्या पोटातली अंडी लाखाच्या घरात. शिवाय पाइक पाइकलाच खातो. मोठ्या माद्या असल्या की लहानग्यांवर (इथे इंग्लंडमध्ये त्यांना जॅक म्हणतात) आपसूक वचक राहतो. इथल्याच विंडरमिअर तलावात 1944 पासून जाळी लावून मोठे पाइक काढायला लागले, तेव्हा लहान पाइकची संख्या उलट वाढली. म्हणून इथे एक जॅक घरी न्या म्हणतात, त्याच्या आईला हात लावू नका.

ग्रेलिंग या इथल्या दुसऱ्या नदीतल्या माशाला तर दोन्ही बाजूंनी कुंपण आहे: 30 ते 38 सेंटीमीटरमधलेच, दिवसाला दोन. त्याखालचे अजून अंड्यांवर आलेले नसतात आणि वरचे जुने, पोसलेले जननकर्ते. यात उलटं काय आहे, मला खरंच दिसत नाही.

आणि दादा, आपल्याकडचं म्हणाल तर पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळांतून शेतांपर्यंत येतात, तेव्हा आपण धरतो कुणाला? गाभोळीने फुगलेल्या माद्यांनाच. लहानपणी मीही टोपली घेऊन धावलोय आणि ती गाभोळी चाटूनपुसून खाल्लीय. आज ते आठवलं की वाईट वाटतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही. तिथे ते केवढे होतात, एकदा जाऊन बघा.

हाल होतात, हे मात्र तुमचं बरोबर. गळ टोचतोच. म्हणून उन्हाळ्यात मी पाइकच्या वाटेला जात नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला पाइक सोडल्यावरही मरतो. गेल्या फेब्रुवारीत केनेट नदीवर एक मादी लागली. काठावर ओली चटई अंथरलेलीच होती. हात ओले करून तिला आडवी ठेवली, लांब चिमट्याने गळ काढला, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत टेप लावला: 71 सेंटीमीटर. पोट गच्च भरलेलं. मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून राहिलो. गलफडं संथपणे उघडत-मिटत होती. मिनिटभराने शेपटीचा असा हिसडा बसला की कोपरापर्यंत भिजलो, आणि ती लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. हे सगळं नीट करणार नसेल, त्याने गळ टाकूच नये, या मतावर मी ठाम आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चवीचा. सरकारी नियमाने एक पाइक घरी नेता येतो खरा, पण पाणी ज्याच्या मालकीचं त्याचीही परवानगी लागते, आणि आमच्या क्लबच्या पाण्यातून काहीच नेता येत नाही. त्यामुळे मी दोनदाच खाल्लाय, मित्राच्या हद्दीतला, दोन्ही वेळा साठ सेंटीमीटरच्या आतला. मांस पांढरं, घट्ट, फारसा वास नाही. पण इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे मांसात रुतलेले असतात. ते पाठीकडून चिरून काढावे लागतात. तिरफळ घालून आमटी केली होती. बांगड्याची सर नाही, पण भाताबरोबर छान लागली.