जमिनीवरच्या धुराला कायदा आहे, आकाशातल्या धुराला कधी?

युरोपमधल्या प्रदूषणाच्या कायद्यांचा विषय आपल्या लोकांत निघाला की दोनच सूर लागतात. एक म्हणजे, ‘बघा, तिकडे कसं सगळं शिस्तीत चालतं!’ आणि दुसरा, ‘दोनशे वर्षं धूर ओकून झाला, आता जगाला शहाणपण शिकवतायत.’ मी बरीच वर्षं म्युनिकमध्ये राहते आणि दोन्ही ऐकून मला वाईट वाटतं. इथे जे काही झालं ते कुणाच्या अंगच्या शिस्तीमुळे झालेलं नाही. लोक कोर्टात जाऊन भांडले, वर्षानुवर्षं भांडले, म्हणून झालं. आणि जिथे सामान्य माणसाला भांडायला दारच ठेवलेलं नाही, तिथे आजही फारसं काही हललेलं नाही. विमानांचं नेमकं तेच झालंय.

आधी रस्त्याचं सांगते. लँड्सहूटर आले हा म्युनिकच्या रिंगरोडचा एक भाग. दोन्ही बाजूंना राहत्या इमारती, मधून दिवसरात्र गाड्या आणि रस्त्याच्या कडेला हवा मोजणारं केंद्र. या रस्त्यावर राहणारे डीटर यानेचेक, जे पुढे ग्रीन पक्षाचे खासदार झाले, ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले. युरोपच्या नियमाप्रमाणे हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची दैनिक मर्यादा वर्षात ३५ पेक्षा जास्त दिवस ओलांडली जाता कामा नये. त्यांच्या रस्त्यावर ती सर्रास ओलांडली जात होती आणि प्रशासन ढिम्म होतं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २५ जुलै २००८ ला निकाल लागला: ज्याच्या तब्येतीला थेट धोका आहे, असा कोणीही नागरिक सरकारकडे कृती आराखडा मागू शकतो आणि दिला नाही तर कोर्टात खेचू शकतो.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे. कारण त्या दिवसापासून हवेतला आकडा हा नुसता अहवालातला आकडा राहिला नाही. तो रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा हक्क झाला.

निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ झाली असं मात्र अजिबात नाही. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या सरकारने डिझेल गाड्यांवर बंदी घालायला साफ नकार दिला. कोर्टाने ४,००० युरोंचा दंड ठोठावला. तो दंड जमा कुठे होणार? तर त्याच राज्याच्या तिजोरीत! मग एका पर्यावरण संस्थेने थेट विचारलं की दंडाने भागत नसेल तर मंत्र्यांना तुरुंगात टाकता येईल का? हा प्रश्नसुद्धा लक्झेंबर्गला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी देशाच्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी. तुरुंगवास कुणाला झाला नाही, पण प्रश्न तिथपर्यंत गेला याचं मला आजही अप्रूप वाटतं.

शेवटी फेब्रुवारी २०२३ पासून युरो-४ (गाड्यांच्या धुराच्या युरोपीय नियमांची एक जुनी पायरी) आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना रिंगरोडवर आणि त्याच्या आत बंदी आली. २०२४ मध्ये लँड्सहूटर आलेच्या एका पट्ट्यात ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागली. डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, ती २०१० पासून बंधनकारक. २०१७ मध्ये तिथे आकडा ७८ होता. २०२४ मध्ये तो पहिल्यांदा ४० च्या खाली आला. म्हणजे चौदा वर्षं उशीर, पण आला. आता नव्या कायद्याने २०३० साठी ही मर्यादा २० वर आणली आहे, त्यामुळे भांडण पुन्हा सुरू होणार हे नक्की.

गाड्या बनवणाऱ्यांच्या बाबतीतही हाच अनुभव. १९९८ मध्ये युरोपातल्या वाहन उद्योगाने स्वखुशीने वचन दिलं होतं की २००८ पर्यंत नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणू. नाही आणलं. मग २००९ मध्ये कायदा झाला: २०१५ पर्यंत १३० ग्रॅम, त्यानंतर ९५ ग्रॅम. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या प्रत्येक ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा दंड किती बसेल याचा हिशेब करा, म्हणजे २०२० नंतर सगळ्यांच्या शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाड्या एकदम कुठून उगवल्या ते कळेल.

२०१५ चा फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा तर सगळ्यांना आठवत असेल. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही कंपनीला ३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर युरोपात गाडी रस्त्यावर चालवून धूर मोजायची पद्धत सक्तीची झाली आणि २०२३ पासून ती आपल्याकडे बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे गाड्यांच्या धुराचे आपले नियम) च्या दुसऱ्या टप्प्यात आली. आपले बीएस नियम मुळात युरो नियमांवरच बेतलेले. पुण्यात वाहन उद्योगात असलेल्यांना हे सांगायला नको. बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ गाठताना त्यांनी किती रात्री जागवल्या ते त्यांनाच ठाऊक. सांगायचा मुद्दा असा की लक्झेंबर्ग आणि ब्रसेल्समध्ये जे ठरतं ते चाकणला पोचतं. तिथे पाऊल मागे पडलं तर तेही पोचतं. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने नव्या गाड्यांचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं २०३५ चं लक्ष्य १०० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मला मनापासून राग आला.

आता विमान.

माझ्या गाडीत मी पेट्रोल भरते तेव्हा त्यावर इंधनकर असतो, व्हॅट असतो आणि २०२१ पासून जर्मनीत कार्बनचा दरही असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ युरोंपासून सुरू झाला, २०२५ मध्ये ५५ युरो झाला, म्हणजे लिटरमागे साधारण १५ सेंट. २०२८ पासून सगळ्या युरोपात रस्त्यावरच्या इंधनासाठी कार्बन बाजार, म्हणजे धूर सोडायचे परवाने विकत घ्यायची पद्धत, सुरू व्हायचा आहे. रोज चाळीस किलोमीटरवरून कामाला येणाऱ्या नर्सला हे चुकणार नाही. पण म्युनिकहून मुंबईला जाणाऱ्या माझ्या विमानात जे रॉकेल भरलं जातं, त्यावर ऊर्जा कर शून्य. कार्बनचा दर शून्य. जर्मनीत तिकिटावर एक वेगळा प्रवासी कर आहे, मान्य. पण विमान नवं असो की जुनं, धूर जास्त काढो की कमी, तो कर तेवढाच. मग कंपनीने धूर कमी करायचा कशासाठी?

हे असं व्हायचं नव्हतं. विमानसेवा २०१२ पासून युरोपच्या कार्बन बाजारात आली, तेव्हा युरोपात येणारी आणि युरोपातून जाणारी सगळी विमानं त्यात धरली होती. अमेरिकेच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये हरल्या. कायदा टिकला. मग राजकारण सुरू झालं. विरोधी देशांची एक बैठक सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत झाली, दुसरी फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉस्कोत. भारत सरकारने आपल्या विमान कंपन्यांना उत्सर्जनाचा हिशेब युरोपला देऊ नका असं बजावलं. चीनने एअरबसच्या ऑर्डरी अडकवल्या. अमेरिकेने तर विरोधात कायदाच केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने माघार घेतली आणि नियम फक्त युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांपुरता उरला. म्युनिक–पॅरिसला दर लागतो, म्युनिक–मुंबईला नाही. जास्त धूर कोण काढतं?

भारताचा आक्षेप पोकळ होता असं मी म्हणणार नाही. हवामान बदलात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनी जास्त भार उचलावा हे तत्त्व मला पूर्ण पटतं. मुंबईच्या हद्दीपासूनच्या धुराचे पैसे ब्रसेल्सने गोळा करून स्वतःकडे का ठेवावेत, हा प्रश्नही रास्तच. पण त्याचं उत्तर तो पैसा पूर, दुष्काळ आणि उष्णतेच्या लाटा सोसणाऱ्या देशांकडे वळवणं हे होतं. विमानातल्या प्रवाशाला माफी देऊन मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला काय मिळालं? त्या विमानात तो नव्हता. मी होते.

माझा ढोबळ हिशेब असा. म्युनिक–मुंबई, एका बाजूला, माणशी साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. परवान्याचा दर गेल्या काही वर्षांत बहुतेक काळ टनाला ६० ते ९० युरो. म्हणजे तिकिटावर ३० ते ४५ युरो जास्त. दिवाळीच्या तिकिटाचे भाव एका आठवड्यात याहून जास्त हलतात आणि आपण ते देतोच.

इंधनात हरित इंधन मिसळायची सक्ती मात्र झाली आहे आणि ती युरोपातून निघणाऱ्या सगळ्या विमानांना लागू आहे: २०२५ मध्ये २ टक्के, २०३० मध्ये ६, २०५० मध्ये ७०. चांगली गोष्ट आहे. पण सध्या हे इंधन मुख्यतः वापरलेल्या खाद्यतेलापासून बनतं आणि जगभरच्या कढया रिकाम्या केल्या तरी ते तेल पुरणारं नाही.

युरोपच्या कायद्यातच एक तरतूद लिहून ठेवलेली आहे: संयुक्त राष्ट्रांच्या विमान संघटनेची कार्बन भरपाई योजना (आपला धूर तसाच ठेवून दुसरीकडे तो कमी करायला पैसे द्यायचे) पुरेशी आहे का, याचा अहवाल १ जुलै २०२६ पर्यंत यायचा आणि ती अपुरी ठरली तर २०२७ पासून युरोपातून बाहेर जाणारी विमानंही कार्बन बाजारात आणायचा प्रस्ताव मांडायचा. याच २०२७ पासून त्या जागतिक योजनेतला भारताचा सहभागही सक्तीचा होतोय. दबाव पुन्हा येणार, २०१२ सारखाच. विमानावर लँड्सहूटर आलेसारखं मोजणी केंद्र नाही आणि खटला भरणारा शेजारीही नाही, त्यामुळे हे सगळं बंद दाराआड उरकेल अशी मला भीती वाटते.

माझ्या यादीत जर्मन, डच, फ्रेंच पासपोर्ट असलेले बरेच मराठी मित्रमैत्रिणी आहेत. तुम्हाला युरोपियन पार्लमेंटसाठी मत आहे, तर तुमच्या खासदाराला दोन ओळी लिहा: लांब पल्ल्याची विमानं कार्बन बाजारात घ्या आणि त्यातून येणाऱ्या पैशातला वाटा गरीब देशांना द्या. मसुदा मी जर्मन आणि इंग्रजीत करून ठेवला आहे, कमेंटमध्ये मागा, पाठवते. आणि भारतातल्यांनो, आपलं सरकार या वेळी काय भूमिका घेतंय ते तुमच्या खासदाराला विचारा.