दादांचं कानाचं मशीन माझ्याच पिशवीत होतं

गेल्या ऑक्टोबरात दादांना न्यूमोनिया झाला, निफाडहून आणून नाशिकच्या एका हॉस्पिटलात आयसीयूला टाकलं. नाव विचारू नका, डॉक्टर चांगले होते, दादा वाचले. नियम असा की सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं, एकानेच जायचं. बाकी वेळ आम्ही पॅसेजमध्ये सतरंजी टाकून बसलेलो. दार उघडलं की सगळे एकदम उभे, कोणाचं नाव पुकारतात बघायला. आणि पुकारायचे ते एकतर मेडिकलची चिठ्ठी द्यायला नाहीतर डिपॉझिटसाठी.

तिसऱ्या दिवशी सांगितलं, पेशंट ऐकत नाही, बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क ओढतो, हात बांधलेत, इथे सही करा. केली सही. काय करणार.

रात्री दोनला एका सिस्टरने स्वतःच आत बोलावलं, म्हणे काका काहीच ऐकत नाहीत, तुम्ही बोलून बघा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला! दादांचं कानाचं मशीन ॲडमिशनच्या वेळी काढून चष्म्यासोबत माझ्याकडे दिलं होतं, तीन दिवस ते माझ्या पिशवीत. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळे ओरडून सांगत होते की हात लावू नका. त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मशीन लावलं, चष्मा लावला, म्हटलं दादा, मी आलोय, तुम्ही नाशिकला दवाखान्यात आहात, रात्र आहे. मास्कच्या आतून पहिला प्रश्न काय, तर मळ्यातली छाटणी झाली का. सिस्टरने एक हात सोडला.

आजारपणात माणूस असा भांबावतो, भान राहत नाही, याला डिलिरियम म्हणतात हे नंतर कळलं. इन्फेक्शन, औषधं, झोप नाही, चोवीस तास ट्यूबलाइट, म्हाताऱ्या माणसाला दिवस की रात्र कळत नाही. नातेवाईक जास्त वेळ आत असले तर काय होतं यावर ब्राझीलच्या ३६ आयसीयूंमध्ये अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला. खरं सांगायचं तर त्यात डिलिरियम म्हणावा तसा कमी झाला नाही, पण इन्फेक्शनही वाढलं नाही, आणि घरच्यांची चिंता, डिप्रेशन कमी झालं. मग इन्फेक्शनचं कारण सांगून आम्हाला बाहेर ठेवतात ते कशासाठी?

हो, आपले लोकही कमी नाहीत. अख्खी भावकी येते, कोणी रामकुंडाचं तीर्थ घेऊन, कोणी अंगारा, आणि एखादा डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारा असतोच. म्हणून सगळ्यांना सोडा असं मी म्हणतच नाही. एक माणूस ठरवा, हात धुवायला शिकवा, राउंडच्या वेळी उभं राहू द्या, आणि ॲडमिशनच्या फॉर्मवर विमा आहे का याच्या खाली एवढं विचारा की पेशंटला ऐकू येतं का, चष्मा आहे का, घरी काय म्हणून हाक मारतात. आमच्या दादांना तिथे सगळे 'बेड नंबर सात' म्हणायचे.

दादा आता मळ्यात फिरतात. ती रात्र, मी, मशीन, काहीच आठवत नाही त्यांना. हात बांधले होते एवढं मात्र पक्कं आठवतं, परवा जेवताना परत विचारलं, मी कोणाला मारलं होतं का रे?