चार जणांच्या तंबूत पाच जण

तंबूच्या खोक्यावर ‘चार जणांसाठी’ असे छापलेले असते, तेव्हा ते चौघे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून आणि रात्रभर कूस न बदलता झोपणारे आहेत, असे कारखानदाराने गृहीत धरलेले असते. आमच्या घरात असा एकही माणूस नाही. यजमान घोरतात, सात वर्षांची थोरली झोपेत बोलते, चार वर्षांचा धाकटा घड्याळाच्या काट्यासारखा अंथरुणभर फिरतो आणि सासूबाई ‘मला मेलीला कुठली झोप’ असे म्हणत पहाटेपर्यंत सर्वांची पांघरुणे सारखी करत असतात. अशा पाच जणांनी डिसेंबरातल्या एका शनिवारी इंदूर सोडून चोरल नदीच्या काठी उघड्यावर मुक्काम करावा, ही कल्पना अर्थातच यजमानांची.

‘माणसाला कमीत कमी वस्तूंत राहता आले पाहिजे’ असे ते मुलांना समजावून सांगत असताना सासूबाई स्वयंपाकघरात डबे भरत होत्या. लवंगेची सेव, लसणाची सेव आणि या दोन्ही तिखट लागल्या तर मुलांसाठी फिकी सेव. पोहे, त्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला, ओवा, निलगिरीचे तेल, कोणाचे पोट बिघडलेच तर मऊ भाताचे तांदूळ, आणि यजमानांनी दोनदा बाहेर काढूनही तिसऱ्यांदा गाडीत जाऊन बसलेल्या जाड गोधड्या. गाडीचे मागचे दार लागेना, तेव्हा यजमानांनी स्वतःच्या कपड्यांची पिशवी कमी केली. कमीत कमी वस्तूंत राहण्याचा प्रयोग त्यांच्यापुरता तिथेच सुरू झाला.

खंडवा रस्त्यावर सिमरोळ मागे पडले आणि भेरूघाट लागला, तशा सासूबाई खुलल्या. “अरे, एवढे आलोच आहोत, तर ओंकारेश्वर कितीसे राहिले? गजानन महाराजांच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते.” हा रस्ता खरोखरच पुढे ओंकारेश्वराकडे जात असल्यामुळे त्यांचे म्हणणे भूगोलाच्या आधाराने खोडून काढता येत नव्हते. प्रत्येक वळणावर ते नव्याने मांडले गेले.

ओळखीच्या एका शेतकऱ्याने नदीलगतचा पडीक तुकडा आम्हांला दाखवला आणि तो बांधावर बसून पाहू लागला. वरची काळी माती वाळून टणक झालेली आणि तिच्याखाली मुरूम, त्यामुळे तंबूच्या खुंट्या जमिनीत शिरण्याऐवजी वाकत होत्या. खुंटी तंबूपासून बाहेर झुकलेली ठोकायची असते, म्हणजे दोरीला ताण बसला तरी ती उपटत नाही, हे त्या माणसाला गुरे बांधून बांधून ठाऊक होते. यजमानांनी मात्र ते चलचित्रात पाहिलेले होते. “बाऊजी, रात को ठंड पानी के पास ही बैठती है, थोड़ा ऊपर लगा लो,” असे तो शांतपणे म्हणाला. थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून खाली येऊन सखल जागी साचते, पण सकाळी चेन उघडताच नदी दिसली पाहिजे, हा यजमानांचा आग्रह होता. मुलांना नदीशी कर्तव्य नव्हते. त्यांना तंबूची चेन सापडली होती आणि ती लावणे व उघडणे यातच त्यांची संध्याकाळ गेली.

‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचे, गोडवे ज्यांनी गायले, त्यांनी ती रात्र बहुधा गच्चीवर गादी टाकून काढली असावी. आमच्या नव्या झोपण्याच्या पिशव्यांतला कापूस अंगाच्या भाराने खालच्या बाजूला चेपला जात होता आणि चेपलेल्या कापसात हवा राहत नसल्याने जमिनीचा गारवा थेट पाठीला भिडत होता. सासूबाईंनी एकही शब्द न बोलता गोधड्या आमच्या खाली सारल्या. ते न बोलणे यजमानांना फार लागले.

आणि मग, सगळे कसेबसे निजले असताना, धाकट्याला लागली. बॅटरी शोधली, चेन उघडली, त्याला कानटोपी घालून झुडपापाशी उभे केले. तो हलेना. “इथे केली तर दंड होतो,” असे त्याने सांगितले. २०१७ साली इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने तो मान सोडला नाही; त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या हाडीमाशी हे भिनलेले आहे. महापालिकेची हद्द केव्हाच मागे पडली, असा युक्तिवाद यजमानांनी करून पाहिला. तंबूतून थोरलीचा आवाज आला, “बाबा, नियम म्हणजे नियम.” अखेर मी धाकट्याला कडेवर घेतले आणि शेतकऱ्याच्या घरामागच्या संडासाकडे आमची वरात निघाली: पुढे बॅटरी धरलेले यजमान, मागे एकटे राहण्यास नकार देणारी थोरली, तिच्यामागे काठी घेतलेल्या सासूबाई. कुत्र्याने सारी वाडी जागी केली. शेतकरी कंबल लपेटून बाहेर आला, त्याने कडी काढून दिली आणि धाकट्याचे काम आटोपेपर्यंत आम्ही त्याच्या अंगणात, यंदाच्या सोयाबीनला काय भाव मिळाला, यावर बोलत उभे राहिलो. तिथे धुनी होती. परत यावेसे कोणालाच वाटत नव्हते.

पहाटे सासूबाईंच्या कपाळावर थेंब पडला आणि छप्पर गळते, असे त्यांनी जाहीर केले. यजमानांनी थंडीपायी तंबूचे सगळे झरोके बंद केल्यामुळे पाच जणांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमून ती ठिबकत होती. ही आपलीच वाफ आहे, असे त्यांनी आईला समजावले. “म्हणजे भोपाळच्या पाहुण्यांना सांगण्यासारखेच झाले की,” असे म्हणून सासूबाई पोहे भिजवायला उठल्या. निघताना थोरलीने कचरा ओला, सुका, प्लास्टिक असा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घेतला आणि तो घरच्या कचरागाडीतच टाकायचा म्हणून मांडीवर घेऊन बसली.

ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर तो गच्चीवर पसरावा लागला. सासूबाईंनी कापड दोन बोटांत चोळून पाहिले, लांबीरुंदी पावलांनी मोजली आणि उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्यांसाठी तो कोणीही हलवायचा नाही, असे यजमानांना बजावले.