ग्लिगोरोव: उरलेलं वाक्य नंतर

मॅसेडोनिया म्हटलं की आपल्याला सिकंदर आठवतो. गंमत म्हणजे तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव उघड सांगायचे की आम्ही सहाव्या शतकात इकडे आलेले स्लाव, सिकंदराशी आमचं नातं नाही. घरच्या राष्ट्रवाद्यांना ते भलतंच झोंबायचं.

मॅसेडोनिया ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या फुटीवर बोलताना सगळे सर्बियाचा मिलोशेविच आणि क्रोएशियाचा तुजमान या नेत्यांवर तुटून पडतात. ग्लिगोरोवांचं नाव निघालंच तर 'नशीबवान म्हातारा' म्हणून. हे मला पटत नाही. 1917 मध्ये श्टिपला जन्मलेला, युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडला, कायदा शिकलेला, साठच्या दशकात युगोस्लाव्हियाचं अर्थखातं सांभाळलेला हा माणूस जानेवारी 1991 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याला बेलग्रेडच्या कारभाराची खडान्‌खडा माहिती होती.

8 सप्टेंबर 1991 च्या सार्वमताचा प्रश्नच बघा. स्वतंत्र, सार्वभौम मॅसेडोनिया हवा का, आणि सोबत शेपूट: भविष्यात युगोस्लाव्हियातल्या सार्वभौम राज्यांच्या संघात सामील होण्याच्या हक्कासह. मतदान 75 टक्क्यांच्या वर, त्यात होकार 95 टक्क्यांच्या वर. शेपटीला पळपुटेपणा म्हणणारे तेव्हाही होते. पण देशात युगोस्लाव्ह फौज बसलेली आणि स्वतःचं सैन्य जवळजवळ शून्य, अशा वेळी पूर्ण वाक्य उच्चारणं परवडणारं नव्हतं.

मग ती फौज बाहेर काढली. फेब्रुवारी 1992 मध्ये युगोस्लाव्ह फौजेचे जनरल आजिच यांच्याशी करार झाला आणि मार्चअखेर शेवटचा सैनिक गेला. गोळी न झाडता. किंमत अशी की रणगाडे, तोफा, दारूगोळा, उचलता येईल ते सगळं ते घेऊन गेले. देश निःशस्त्र झाला. ती पोकळी भरायला ग्लिगोरोवांनी संयुक्त राष्ट्रांकडे सैनिक मागितले, आणि डिसेंबर 1992 मध्ये सुरक्षा परिषदेने ते मंजूर केले. युद्ध पेटण्याआधीच शांतिसेना पाठवण्याची ती पहिली वेळ.

नावाचा घोळ जास्त किचकट. ग्रीसच्या उत्तर भागाचं नावही मॅसेडोनियाच, म्हणून ग्रीसला शेजाऱ्याचं हे नाव खपत नव्हतं. नव्या देशांना मान्यता द्यावी का हे तपासणाऱ्या युरोपीय समुदायाच्या बादँतेर आयोगाने जानेवारी 1992 मध्ये पात्रतेचा कौल दिला, तरी ग्रीसच्या हरकतीमुळे युरोपीय समुदायाची मान्यता अडली. अखेर 8 एप्रिल 1993 ला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' या तात्पुरत्या उल्लेखाने. इंग्रजी उल्लेखातल्या 'द'मुळे खुर्ची थायलंडशेजारी, आणि झेंडा लावायला बंदी. अपमान होता खरा. पण सदस्यत्व मिळालं की जागतिक बँकेची दारं उघडतात, हे जुन्या अर्थमंत्र्याला कोणी शिकवायला नको होतं.

फेब्रुवारी 1994 मध्ये ग्रीसने नाकेबंदी केली. ग्रीसमधलं थेसालोनिकी बंदर बंद, उत्तरेला सर्बियावर निर्बंध, स्वतःला समुद्र नाही. 13 सप्टेंबर 1995 च्या अंतरिम कराराने ती उठवायचं ठरलं. बदल्यात झेंड्यावरचा सोळा किरणांचा व्हर्गिना सूर्य, म्हणजे प्राचीन मॅसेडोनियाचं चिन्ह, ज्याला ग्रीस आपलं मानतो, तो काढायचा. नाव मात्र कराराबाहेर ठेवलं, पुन्हा 'नंतर बघू'.

वीसच दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, राजधानी स्कोप्येमध्ये ग्लिगोरोवांच्या मोटारीजवळ बॉम्ब फुटला. चालक ठार झाला, ग्लिगोरोवांचा एक डोळा गेला. हल्लेखोर आजवर सापडलेले नाहीत. संसदेने दोन दिवसांनी नवा, आठ किरणांचा झेंडा मंजूर केला. पुढे ग्लिगोरोव परत कामावर रुजू झाले.

आता उधारीची बाजू. 1991 च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत देश मॅसेडोनियन जनतेचं राष्ट्रराज्य ठरला आणि सुमारे 23 टक्के अल्बेनियन 'सोबत राहणारे' उरले. त्यांच्या खासदारांनी घटनेच्या मतदानावर बहिष्कार टाकला होता. इथे टोलवाटोलवी ही चूकच होती, असं माझं स्पष्ट मत. ग्रीसशी थांबता येतं; घरातल्या माणसाला दहा वर्षं दारात उभं करता येत नाही. 2001 मध्ये अल्बेनियन बंडखोरांच्या बंदुका निघाल्या आणि तो संघर्ष मिटवणाऱ्या ओह्रिड करारानंतर ती प्रस्तावना बदलावी लागली.

जाता जाता तैवानचं प्रकरण. जानेवारी 1999 मध्ये नव्या सरकारने पैशाच्या आशेने तैवानला मान्यता दिली. ग्लिगोरोवांनी विरोध केला, पण परराष्ट्र धोरणाची दोरी तेव्हा त्यांच्या हाती राहिली नव्हती. महिन्याभरात चीनने नकाराधिकार वापरून शांतिसेनेची मुदतवाढ रोखली. मार्चमध्ये कोसोव्होतून निर्वासितांचे लोंढे सीमेवर आले, तेव्हा ती तुकडी गाशा गुंडाळत होती.